तिप्पट मजा म्हणे!

विश्रामबागकर: परवा इथं कुणीतरी लिहिलं, ‘ब्लॅक ट्रिलियम वाचाच, तीन दिग्गज लेखिका, तिप्पट मजा.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. १९९० ची इंग्रजी फँटसी कादंबरी. मॅरियन झिमर ब्रॅडली, ज्युलियन मे, आंद्रे नॉर्टन. तिळ्या राजकन्या, एकेकीला एकेक लेखिका. राज्य बुडालं, तिघी तीन ताईत शोधायला निघाल्या. एकीचं झालं की दुसरीचं, मग तिसरीचं. प्रत्येक फाट्यावर थांबणारी एसटी! माझी प्रत २०१९ च्या सांगलीच्या पुरात भिजली. गॅलरीत दोरीवर वाळवली, तरी मधली तीसेक पानं पापडासारखी चिकटली. ती सोडून पुढं वाचलं. काही म्हणजे काही अडलं नाही. तीन तिगाडा, काम बिगाडा.

माहुलीकर: तीस पानं न वाचता निकाल? धन्य. हारामिस पुस्तकी, कदिया शिकारी, अ‍ॅनिगेल भित्री. तिघींचा स्वभाव वेगळा, म्हणून तीन हात लागले. कादंबरीतल्या त्या दलदलीसाठी मी दोनदा वाचलंय.

विश्रामबागकर: कपाळावर चिठ्ठी डकवली की स्वभाव होत नाही. आणि दलदल आम्ही घरात बघितलीय, गुडघाभर. तुम्ही साताऱ्यात उंचावर.

गणपतीपेठवाला: पुराचा विषय निघालाच आहे तर, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय? उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायला निघालेत. माझ्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. साखरेची पोती कुठं गेली ते कळलंही नाही.

माहुलीकर: त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिलेला नाही. आणि इथं पुस्तकाची चर्चा चाललीय.

गणपतीपेठवाला: समितीतलं कोण आमच्या माळ्यावर रात्रभर बसलं होतं? पुस्तकाचंच बोलायचं तर नगर वाचनालयाची पुस्तकं चिखलात गेली, त्यावर धागा काढा की!

कुपवाडचा: नदीपात्रात भराव टाकून बंगले कुणी बांधले, तेही लिहा मग.

गणपतीपेठवाला: मी बांधले का? तोंड सांभाळून लिहा.

विश्रामबागकर: अहो, थांबा. काल चहाच्या वाफेवर ती पानं सोडवली. निम्मी फाटली. हारामिस प्रचंड गिधाडाच्या पाठीवर बसून डोंगरात जाते, तेवढं बरंय. चार पानं. माहुलीकर, घ्या, जिंकलात. उरलेल्या पानांचं बघा.

माहुलीकर: चार मान्य केलीत, उपकार झाले. आता प्रत इकडं पाठवा, फाटकी चालेल.

गणपतीपेठवाला: पावसाळ्यात पाणी कधी सोडायचं हे कोण ठरवतं, तेवढं सांगा आधी.