एला फिट्झगेराल्ड ऐकायला कुठून सुरू करू?

जागरणवाला: जुनी जॅझ स्टँडर्ड्स (म्हणजे सगळेच गायक गातात ती गाजलेली गाणी) ऐकायला घेतलीयेत, पण गायिका एलाच्या रेकॉर्डी इतक्या आहेत की काही सुचेना, आणि एकच गाणं दहा जणांनी गायलेलं, मग तिचंच का ऐकायचं?

कडकचहा: १९५६ चं कोल पोर्टर साँगबुक घे, म्हणजे कोल पोर्टर या संगीतकाराच्याच गाण्यांचा तिचा अल्बम. चाल सरळ, शब्द न् शब्द स्वच्छ. आपल्याकडे बंदिश तीच पण गवई बदलला की वेगळीच वाटते ना, तसंच आहे हे.

मधलीसुट्टी: साँगबुकं जरा गुळगुळीत वाटतात बुवा मला (मारू नका). लाइव्ह ऐक. १९६० ला बर्लिनमध्ये 'मॅक द नाइफ' गाताना बाई मधेच शब्द विसरल्या, पण थांबल्या नाहीत, विसरल्याचंच गाणं केलं तालात, वर जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलपण केली आणि त्याच रेकॉर्डिंगला ग्रॅमी!

जागरणवाला: आत्ता ऐकलं. तीनदा. शेजारचे उठले बहुतेक 😅

कडकचहा: आता लुईबरोबरचा १९५६ चाच अल्बम लाव, मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो आहे. हेडफोन घाल मात्र.