मदत हवी आहे : टर्बो पेट्रोलला कोल्ड एअर इनटेक (बाहेरची गार हवा इंजिनाला देणारा फिल्टर-पाइपचा किट) बसवावा का?

गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) कंपनीचाच. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपाला पाणी भरलेली यू आकाराची नळी जोडून फुल थ्रॉटलला मोजलं, पाण्याच्या पातळीत फरक २० सेंमी. म्हणजे कंपनीच्या इनटेकचा अडथळा जेमतेम २ किलोपास्कल. एवढ्यासाठी ३५,००० घालायचे? नुसता आवाज विकत घेतल्यासारखं होईल.

उघडा शंकूसारखा फिल्टर तर मुंबई नाक्याच्या सिग्नलला बॉनेटखालची तापलेली हवाच ओढणार. तेलाचा कॉटन फिल्टर जास्त भिजला की एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या गाडीत त्याची तार माखते नि रीडिंग चुकतं, ते वेगळंच.

नाशिकमध्ये कुणी बंद बॉक्सचा किट बसवून आधीचे-नंतरचे लॉग (इंजिनाच्या रीडिंगच्या नोंदी) घेतलेत का? तिसरा गिअर, २५०० ते ५५०० आरपीएम, रस्ता आणि तापमान तेच? आणि हो, पावसाळ्यात किटच्या खालच्या तोंडातून पाणी शिरतं का?