मदत हवी आहे: पऱ्यापलीकडच्या वाडीला वायफाय लिंक, मध्ये सागाची झाडं

नमस्कार मंडळी,

गाव राजापूर तालुक्यातलं. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय, बरं चालतंय. पऱ्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) वाडीत मात्र सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढल्याशिवाय रेंज नाही. सरळ अंतर 3 किमी. दोन्ही टोकांना डिश लावून 5.8 गिगाहर्ट्झची लिंक टाकायचा बेत आहे. 2018च्या अधिसूचनेपासून 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहे, तेव्हा कागदाची अडचण नाही. अडचण सागाची.

मे महिन्यात पंचायतीच्या गच्चीवरून समोरची कौलं स्वच्छ दिसतात, कारण तेव्हा साग बोडका असतो. आषाढात तीच पानं सुपाएवढी, वर निथळणारी. या फ्रिक्वेन्सीला पाऊस फारसा नडत नाही, ओला पाला नडतो. शिवाय नुसती नजर पोचून भागत नाही. दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना जी लांबट मोकळी जागा लागते, तो फ्रेनेल झोन; मधोमध त्याची त्रिज्या 6 मीटरच्या आसपास येते, त्यातली निदान 60 टक्के मोकळी हवी. म्हणजे शेंड्यांच्याही वर जवळपास चार मीटर. एवढा उंच पाइप वादळात टिकवायचा कसा?

865 ते 868 मेगाहर्ट्झलाही परवाना नको आणि ते झाडीतून बऱ्यापैकी जातं, पण जागा अवघी 3 मेगाहर्ट्झ. टाकीतल्या पाण्याची पातळी कळेल, पोरांचे व्हिडिओ चालायचे नाहीत. टीव्हीच्या रिकाम्या चॅनलवर पालघरच्या खेड्यांत आयआयटी मुंबईने इंटरनेट पोचवून दाखवलं, तेही प्रयोग म्हणून. आपल्याला तो पट्टा खुला नाही. झाडीच्या मुलखाला जो हवा नेमका तोच बंद, याचा राग येतो, पण तो वेगळा धागा होईल.

एका दुकानदाराने राउटरमध्ये देश बदलून पॉवर वाढवा म्हणून सांगितलं. तसलं काही करायचं नाही, कृपया सुचवू नका.

आता उरतो सड्यावरचा रिपीटर, म्हणजे मध्येच सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा टप्पा. तिथून दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात, फक्त वीज नाही. दोन रेडिओंचे 15 वॅट धरले तर दिवसाला 360 वॅट-अवर लागतील. चार-चार दिवस ऊन न दिसणाऱ्या पावसात असा सोलर रिपीटर कुणी चालवलाय का? पॅनल केवढं, बॅटरी किती अँपिअर-अवरची, आणि कातळावर अर्थिंग कसं केलंत? वाडीत पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेखाली पीडीओ (वायफाय पुरवणारं स्थानिक केंद्र) म्हणून कनेक्शन द्यायचा विचार आहे. त्याला परवाना लागत नाही हे माहीत आहे, पण कोकणात कुणी सुरू केलं असेल तर पीडीओएचा (अशा पीडीओंचं लॉगिन आणि हिशेब सांभाळणाऱ्या कंपनीचा) अनुभवही लिहा.