जुन्या सिंबल्स: पैसे शिक्क्याचे मोजायचे की आवाजाचे?

तालवेडा

ड्रमसेटच्या जुन्या सिंबल्सबद्दल (काठीनं वाजवायच्या काशाच्या थाळ्या) जे बोललं जातं त्यातलं बरंचसं मला पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय. सिंबल जुनी आहे एवढ्यानं ती चांगली वाजत नाही. पन्नासच्या दशकातली एखादी राईड (सतत ताल धरायची मोठी सिंबल) आज इतकी मऊ आणि खोल वाजते, कारण ती तेव्हा तशीच घडवली होती. बँड आजच्यापेक्षा कमी आवाजात वाजायचे, त्यामुळे पातळ सिंबल्सना मागणी होती. साठच्या दशकाच्या शेवटी गिटारचे अँप मोठे झाले आणि ड्रमर जाड, टणक आवाजाच्या सिंबल्स मागू लागले. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या ए झिल्जियन (झिल्जियन कंपनीच्या अमेरिकेत बनलेल्या सिंबल्स) पुष्कळदा जड आणि चकचकीत आवाजाच्या निघतात. आज या दोन्ही 'व्हिंटेज' म्हणून विकल्या जातात, दोन्हींच्या वर्णनात 'डार्क' (म्हणजे मऊ, खोल आवाजाची) लिहिलेलं असतं, आणि घेणारा फसतो.

माझा पहिला प्रश्न नेहमी वजनाचा असतो. व्यास सारखा असेल तर वजन म्हणजे सरासरी जाडी, आणि जाडी वाढली की स्वर चढतो. वीस इंची राईड १८०० ग्रॅमची असेल आणि दुसरी २६०० ग्रॅमची, तर ती दोन वेगळी वाद्यं आहेत, शिक्का (सिंबलवरची कंपनीची छाप) एकच असला तरी. विकणारा ग्रॅम सांगत नसेल तर मी पुढे बोलत नाही.

शिक्क्याबद्दल सांगायचं तर इस्तंबूलच्या जुन्या के झिल्जियन सगळ्यांनाच हव्या असतात. अमेरिकेत त्या ग्रेच कंपनीमार्फत यायच्या आणि जाणकार ड्रमर ढिगातून वाजवून वाजवून आपली निवडायचे. निवडावी लागायची, कारण सगळ्या चांगल्या नव्हत्या! रेकॉर्डवर आपण ऐकतो त्या निवडलेल्या. मागे राहिलेल्यांवरही शिक्का तोच होता.

ब्रशवाला

वजनाचा मुद्दा मान्य, पण तुम्ही तिथेच थांबलात. एकाच वजनाच्या दोन बावीस इंची राईड शेजारी लावा. एकीचा बाक (कडेपासून मधोमध चढत जाणारा उंचवटा) सपाट असेल, दुसरीचा उंच. सपाट खाली बोलते आणि पसरते, उंच बाकाची वर बोलते आणि काठीचा टोला स्पष्ट देते. मधून कडेपर्यंत जाडी कशी उतरत गेलीय, हातोड्याचे घाव किती खोल आणि किती विखुरलेले आहेत, लेथच्या (धातू तासायच्या यंत्राच्या) रेषा कशा आहेत, यातलं काहीच तराजूवर दिसत नाही.

आणि शिक्का निरर्थक कसा? तो सांगतो की ही सिंबल कुठे आणि कोणत्या पद्धतीनं झाली. ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथिल असा हा मिश्रधातू सावकाश थंड झाला तर ठिसूळ होतो, म्हणून लालबुंद तापवून पाण्यात विझवतात आणि मग हातोडा चालवतात. इस्तंबूलमध्ये हा हातोडा माणसाच्या हातात होता. घाव जरा इकडेतिकडे पडायचे आणि त्यातूनच ते गुंतागुंतीचे, एकमेकांशी किंचित भांडणारे स्वर यायचे. हळू वाजवली तरी अख्खी सिंबल जागी होते, हे मला जुन्या के मध्येच भेटलंय. वर्षानुवर्षं वाजून धातू मोकळा होतो असंही माझं मत आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

तालवेडा

@ब्रशवाला, बाकाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण तो माझ्याच बाजूनं जातो: बाक, हातोडा, उतरती जाडी या सगळ्या घडवण्याच्या गोष्टी आहेत, वयाच्या नाहीत. हातांचं म्हणाल, तर इस्तंबूलचा तो कारखाना सत्तरच्या दशकाच्या शेवटी बंद झाला, पण तिथे शिकलेले आगोप आणि मेहमेत यांनी ऐंशीच्या दशकात स्वतःचं काम सुरू केलं. आगोप १९९६ मध्ये गेले आणि त्यानंतर इस्तंबूल आगोप व इस्तंबूल मेहमेत अशा दोन कंपन्या झाल्या. विद्या चालूच राहिली. मग त्या परंपरेतली नवी सिंबल ऐकायच्या आधीच कमी प्रतीची का ठरते?

व्हायोलिनवाल्यांनी हे तपासून पाहिलंय. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना डोळे झाकून तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिन्स वाजवायला दिली. निकाल २०१२ मध्ये छापून आला: सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हेरियसला, म्हणजे जुन्यातल्या सर्वांत नावाजलेल्या कारागिराच्या व्हायोलिनला. आपणही पडद्यामागून ऐकून ठरवायला हवं. नाव कळल्यावर कान आपल्याला हवं तेच ऐकतात.

ब्रशवाला

तो प्रयोग मला माहीत आहे आणि त्याचा आदर आहे. पण तिथे वादक एका खोलीत, थोड्या वेळात, एकटे वाजवत होते. राईड एकट्यानं कळत नाही. डबल बास सुरू झाला की तिचा खालचा घुमारा बासमध्ये मिसळतो की त्याला झाकून टाकतो, ते तेव्हाच कळतं. पियानो सोलो घेत असताना ती मागे सरकते का? एकटी वाजवताना मोहात पाडणारी सिंबल बँडमध्ये सगळं गिळून टाकते, आणि कोरडी, रुक्ष वाटलेली बरोबर जागेवर बसते. पडदा लावा, मी तयार आहे, पण पडद्याच्या अलीकडे बँड हवा.

फेडरमास्टर

रेकॉर्डिंग करतो, म्हणून दोघांनाही एक सांगतो. तुम्ही दोघं ड्रमच्या मागे बसून ऐकताय. तिथे कान सिंबलला चिकटलेला असतो, म्हणून खालचा घुमारा आणि वॉश (टोल्यांमागे पसरत राहणारा आवाज) भरपूर ऐकू येतो. समोर दहाबारा पावलांवर बसलेल्याला त्यातलं बरंचसं पोचत नाही, काठीचा टोला पोचतो. म्हणून विकत घेण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगा आणि स्वतः लांब जाऊन उभे राहा. हे न करता घेतलेला निर्णय अर्धवट आहे.

दुसरं, विक्रीच्या व्हिडिओंवर मुळीच भरवसा ठेवू नका. फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो: टोला दाबतो आणि मागची शेपटी वर उचलतो. त्यामुळे झटकन विझणारी क्रॅशसुद्धा (जोर देण्यासाठी वाजवायची सिंबल) लांब, रेशमी वाटते. व्हिडिओ मागायचाच असेल तर फोन एका जागी ठेवून, लाकडी टोकाच्या काठीनं एकेक टोला पूर्ण विझेपर्यंत वाजवून घ्या. नायलॉनच्या टोकानं कुठलीही राईड उजळ वाजते. शिवाय शेजारी विकणाऱ्याची एखादी नेहमीची, आजही सहज मिळणारी सिंबल त्याच जागी वाजवायला सांगा, म्हणजे तुलनेला काहीतरी हाताशी राहील. वर फेल्ट (स्टँडवरची नमद्याची चकती) किती घट्ट दाबलंय तेही बघा. आवळलेली सिंबल कोरडी वाजते आणि लोक तिला 'कंट्रोल्ड' म्हणून विकतात.

मोठ्यानं_वाजवा

सगळी चर्चा जॅझची चाललीय. पाइस्टे २००२ बघा. १९७१ पासून आहे, कथिल फक्त आठ टक्के, आणि एकीसारखी दुसरी वाजावी हाच तिचा मोठा गुण. तिथे जुनी-नवी वाद फार टिकत नाही. जुनी स्वस्तात मिळाली आणि फुटलेली नसली तर घ्यावी, एवढंच.

तालवेडा

@फेडरमास्टर, लांब उभं राहून ऐकण्याचा मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा होता, इतका महत्त्वाचा आहे.

कडा_तपासा

आवाजावर भांडण्याआधी सिंबल धड आहे का ते बघा, कृपा करून. कडेवरून नख फिरवा, अडकलं तर तिथे उजेडात धरा. लेथच्या रेषेत लपलेली गोल चीर सर्वांत वाईट, ती रेषेच्या खोबणीतून पुढे सरकत राहते. कडेपासून आत गेलेल्या छोट्या चिरेच्या टोकाला भोक पाडून ती काही काळ थांबवता येते, पण त्या सिंबलला धड सिंबलची किंमत देऊ नये. मधलं भोक लांबट झालंय का पाहा: स्लीव्हशिवाय (भोकात बसणाऱ्या संरक्षक नळीशिवाय) स्टँडवर वाजवत राहिलं की ते किल्लीच्या भोकासारखं होतं. बेलच्या (मधल्या फुगवट्याच्या) बुडाशी चीर असेल तर सरळ परत द्या. आणि टोल्यानंतर बारीक झिर्रर्र ऐकू आली, रिव्हेट (झिरझिरीसाठी मुद्दाम सैल बसवलेले खिळे) नसताना, तर चीर आहेच असं समजून शोधा.

चमकवलेल्या जुन्या सिंबल्सपासूनही लांब राहा. यंत्रावर घासून चमकवताना लेथच्या रेषांचे काठ झिजतात, छापलेल्या नावाची शाई जाते, कधी शिक्काही पुसट होतो.

ब्रशवाला

@कडा_तपासा, पूर्ण सहमत. माझ्या मते जुना काळपट थर तर मुळीच काढू नये, आवाजाचा अर्धा मऊपणा त्यातच असतो.

तालवेडा

इथे पुन्हा असहमत. धातूच्या जाडीपुढे तो थर नगण्य आहे. खोबणींमध्ये बसलेला चिकट मळ मात्र वरचे स्वर खरोखर दाबतो. तो कोमट पाणी आणि साध्या साबणानं निघतो, शिक्क्यालाही काही होत नाही. धुतल्यावर सिंबल उजळ वाजू लागली तर तो तिचा मूळ आवाज आहे, आणि तो आवडला नाही तर तुम्हाला ती सिंबल आवडली नव्हती, मळ आवडला होता.

ब्रशवाला

मला जो आवाज हवा आहे तो मळासकट हवा असेल, तर मी धुणार नाही. आवाज कानाला हवा तसा आहे, तो कशामुळे आला याची फिकीर मी का करू? तुम्हीच तर म्हणालात, शिक्का बघू नका, ऐका.

तालवेडा

बरोबर, घ्या मळासकट. पण मग विकताना तिच्या वर्णनात 'पन्नास वर्षांनी पिकलेला धातू' असं लिहू नका. वजन लिहा, बाक लिहा, आणि धुतलेली नाही असं लिहा.