बी विंगचं पाणी कुणी बंद केलं?

बी-३०४: अहो बी विंगला पाणी का नाही?? ऑफिसला जायच्या वेळेला हे काय लावलंय

बी-१०२ काका: मी बंद केलंय. सेक्रेटरी साहेबांनीच काल मेसेज टाकला ना इंग्लिशमधे, रविवारी टाकी सफाई आहे, पुल आउट ऑल द स्टॉप्स. डक्टमधले सगळे स्टॉप कॉक आत्ताच बंद करून आलो, दोन तर गंजलेले होते, पान्याने फिरवावे लागले

सेक्रेटरी: काका!!! ती म्हण आहे हो. म्हणजे सगळ्यांनी जोर लावूया असं

बी-१०२ काका: मग मराठीत लिहायचं ना. स्टॉप म्हटल्यावर माणूस काय समजणार

बी-३०४: आणि सफाई रविवारी आहे, आज गुरुवार

ए-२०३ (मॅडम): त्यातला स्टॉप नळाचा नाही काका, चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचा. प्रत्येक खुंटी म्हणजे पाइपांचा एक संच, ओढली की तेवढ्या पाइपांत हवा जाते आणि सगळ्या ओढल्या की पूर्ण आवाज, छप्पर हादरेल असा. मॅथ्यू अर्नोल्ड या इंग्रज लेखकाने १८६५ मधे इंग्रज माणसालाच ऑर्गन म्हणून लिहिलं होतं की या ऑर्गनचे अजून थोडे स्टॉप ओढायला हवेत. म्हणजे काका, पुल आउट केलं की उघडतं, तुम्ही बरोब्बर उलटं केलंत

ए-५०१ आजी: अगं मग सरळ पेटी सांग की. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीला पण पुढे खुंट्या आहेत, आम्ही स्टॉपरच म्हणतो. त्या आत ढकललेल्या असल्या की भाता कितीही हलवा सूर निघत नाही, नवीन बायका हमखास विसरतात आणि पेटी बिघडली म्हणून ओरडतात. पण सगळ्या नाही हो ओढायच्या, त्यातल्या दोनतीन नुसता एकच सूर धरून बसतात, पट्टी वेगळी असली की अभंगाची पार वाट लागते

बी-२०१: म्हणजे मराठीत कंबर कसणे?

ए-२०३ (मॅडम): नाही, कंबर कसणं म्हणजे तयारी, काम अजून सुरू व्हायचंय. इथे असेल नसेल ते सगळं पणाला लावायचं. जिवाचं रान करणं चालेल

ए-५०१ आजी: हात आखडता न घेणं म्हण. माझ्या भावाने भाचीच्या लग्नात काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही, मांडव, वाजंत्री, पंगतीला दोन गोडाचे पदार्थ, तसं. टाकी धुवायला एवढं कशाला लागतंय

ए-२०३ (मॅडम): हो आजी, हे एकदम बसतंय. गणपतीच्या डेकोरेशनला वगैरे म्हणा खुशाल, टाकीला जरा जास्तच होतं

सेक्रेटरी: बरं चुकलो. रविवारी ८ वाजता गच्चीवर या, प्रत्येक फ्लॅटमधून एक माणूस आणि एक बादली. बास

बी-२०१: मी बाहेरगावी आहे

बी-४०३: आमच्याकडे पाहुणे येणारेत

सेक्रेटरी: हात आखडता घेतला का लगेच

बी-३०४: चर्चा छान चाललीय पण मी अर्ध्या तासापासून टॉवेल लावून उभा आहे, डोक्याला शाम्पू तसाच

बी-१०२ काका: आलोय डक्टपाशी. ओढून बघितला, निघत नाहीये

सेक्रेटरी: काका ओढू नका!! फिरवायचा आहे, फिरवायचा