आमदारकी दहा वर्षं, वशिला जन्मभर: इलिनॉयचे माइक मॅक्लेन

शिकागोकर
आमचं विजेचं बिल कॉमएडचं. उत्तर इलिनॉयात चाळीस लाखांवर ग्राहक असलेली कंपनी. तिचे जुने लॉबिस्ट, म्हणजे पगार घेऊन आमदारांपुढे तिची बाजू मांडणारे, माइक मॅक्लेन यांना जुलै २०२५ मध्ये दोन वर्षांची कैद सुनावली गेली. शिक्षेच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील, मला त्यांच्या कारकिर्दीवर बोलायचंय.

वडील राज्याच्या प्रतिनिधी सभागृहात होते. ते गेल्यावर मुलगा आला. तिथे मायकेल मॅडिगन यांच्याशी दोस्ती जमली. १९८२ मध्ये मॅक्लेन निवडणूक हरले आणि लॉबिस्ट झाले. लगेच १९८३ मध्ये मॅडिगन स्पीकर झाले आणि मधली दोन वर्षं सोडली तर २०२१ पर्यंत त्यांनी ती खुर्ची सोडली नाही. हरलेल्या माणसाचं याहून भलं काय व्हायचं?

पुढे स्पीकरची मर्जी राखायला कॉमएडकडून मॅडिगन यांच्या माणसांना १३ लाख डॉलर गेले, तेही दुसऱ्यांच्या कंत्राटांतून फिरवून. काम जवळपास शून्य. २०२० मध्ये कंपनीने कबुली देऊन २० कोटी डॉलर दंड भरला. मॅक्लेन यांनी निवृत्तीच्या वेळी मॅडिगन यांना लिहिलेलं पत्र कोर्टात वाचलं गेलं. त्याचा मथितार्थ असा की माझे खरे अशील तुम्हीच. म्हणजे पगार कंपनीचा आणि चाकरी स्पीकरची!

माझं मत: आमदारकी सुटल्यावर सहा वर्षं त्याच सभागृहात लॉबिंगला बंदी हवी. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये ती राज्यघटनेत घातली. इलिनॉयने २०२१ मध्ये सहा महिन्यांची बंदी आणली, आणि तीही मुदत अर्धवट सोडणाऱ्यालाच. मुदत पुरी करा आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडा. आमदारांच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या, विधिमंडळाच्या महानिरीक्षक कॅरोल पोप यांनी त्याच वर्षी वैतागून राजीनामा दिला.

खडूस वकील
साफ असहमत. अहो, हिशेब तर करा! माणूस १९८२ ला हरला आणि खटल्यातली कृत्यं २०११ ते २०१९ मधली. पंचवीस वर्षांची बंदी असती तरी तोवर संपली असती. तुम्ही उदाहरण असं निवडलंय की त्यानेच तुमचं म्हणणं पडतं.

खरं दुखणं स्पीकरच्या खुर्चीचं. एक माणूस छत्तीस वर्षं ठरवतो की कुठलं विधेयक मतदानाला येईल आणि कुठलं खितपत पडेल. त्याच्या दारात कोणीतरी उभं राहणारच. मॅक्लेन नसते तर त्यांचा चुलतभाऊ असता.

आणि खटल्याचं पूर्ण सांगा. मॅडिगन यांच्यासोबतच्या खटल्यात मॅक्लेन यांच्याबाबत ज्युरीचं एकाही आरोपावर एकमत झालं नाही. शिक्षा झाली ती आधीच्या, २०२३ च्या निकालावर. त्यातलेही लाचेचे आरोप सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निर्णयानंतर न्यायाधीशांनी बाजूला ठेवले. उरलं ते कारस्थान आणि खोटे हिशेब. लॉबिंग करणं हा गुन्हा कोणीच म्हटलेला नाही.

शिकागोकर
वकीलसाहेब, हिशेब मान्य. पण वशिल्याचा धंदा ताज्या ओळखीवरच उभा राहतो. हरल्या हरल्या गिऱ्हाईक मिळालं म्हणून ते लॉबिस्ट झाले. सहा वर्षं गावी, क्विन्सीत नुसती वकिली करावी लागली असती तर मोठ्या कंपन्यांनी त्यांना शोधत कशाला यायचं?

मीनाक्षी
आम्ही नेपरविलचे, आमची वीज शहराची स्वतःची, त्यामुळे कॉमएडवर रागावायचा हक्क मला नाही :)

पण मी सरकारी खात्यात काम केलंय. नवीन निवडून आलेल्याला वीजदराचं सूत्र कसं बसतं हे कोण समजावणार? खात्याचे लोक दबून बोलतात. माजी आमदार असलेला लॉबिस्ट दहा मिनिटांत सांगतो की हे कलम कुठे अडेल, कोण विरोध करेल. तो अनुभव सहा वर्षं कुलूपबंद केला तर तोटा कोणाचा? बंदी नको. कोणाला भेटलात, काय मागितलंत, कोणाची शिफारस केलीत, हे महिन्याच्या महिन्याला जाहीर करायला लावा.

खडूस वकील
+१

तात्या सांगलीकर
तुमच्याकडे नोंद तरी करावी लागते हो! आपल्याकडे लॉबिंगला स्वतंत्र कायदाच नाही. वॉलमार्टने भारतातल्या प्रवेशासाठीही खर्च केला हे २०१२ मध्ये कळलं, तेही त्यांनी अमेरिकेत भरलेल्या कागदांतून. संसदेत गोंधळ झाला, चौकशी समिती बसली, पण कायदा आजतागायत आला नाही. इथे माजी आमदाराला लॉबिस्ट कोण म्हणतं? ‘साहेबांच्या जवळचे’ म्हणतात, झालं.

जुना वाचक
एक गोष्ट कोणी काढली नाही. मॅक्लेन हरले कसे? १९८० मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून सभागृह १७७ वरून ११८ वर आणलं. राजकारणी कमी करा, अशी हाक होती आणि पुढाकार पॅट क्विन यांचा. त्याआधी प्रत्येक मतदारसंघातून तीन जण निवडून येत, आणि तिन्ही मतं एकालाच देता येत. त्यामुळे अल्पमतातल्या पक्षाचा आणि स्वतःच्या पक्षालाही न जुमानणारा आमदार टिकायचा. ते गेलं आणि उमेदवार पैशासाठी नेत्याच्या तोंडाकडे बघू लागले.

पुढची गंमत बघा. २०११ मध्ये क्विन गव्हर्नर होते. कॉमएडला हवा असलेला स्मार्ट ग्रिडचा, म्हणजे वीजजाळं आधुनिक करण्याचा, कायदा त्यांनी व्हेटो केला आणि दोन्ही सभागृहांनी तो व्हेटो उलटवला. ज्या सुधारणेने मॅक्लेन यांना घरी बसवलं, तिनेच त्यांच्या मित्राला बळ दिलं. शिकागोकर, तुमच्या सहा वर्षांच्या बंदीचंही असंच व्हायचं. माजी आमदार बाजूला झाले की कंपन्या थेट स्पीकरच्या माणसांना पगारावर ठेवतील.

शिकागोकर
ठेवतील काय, ठेवलेच होते की! १३ लाख त्यांनाच गेले. त्या माणसांना आत आणायला विश्वासातला जुना सहकारी लागला, एवढंच मी म्हणतोय. आणि स्पीकरचं म्हणाल तर मॅडिगन गेल्यावर २०२१ मध्ये सभागृहाने नेतेपदाला दहा वर्षांची मर्यादा घातली आहे.

खडूस वकील
ती सभागृहाच्या नियमांत आहे, राज्यघटनेत नाही. ज्यांच्यासाठी घातली तेच बहुमताने काढू शकतात. घटनादुरुस्तीसाठी सह्या गोळा करायच्याच असतील तर आधी ही मर्यादा घटनेत घालायला करा, पहिली सही माझी.