दहावीचा मुलगा, बारावीची ताई आणि दोनातून तीन

कांडीवाली

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीची. वय १७, बारावी सायन्सला आहे. जूनपासून घरीच दोन पोरांची शिकवणी घेते. एक आठवीतली मुलगी, तिचं काही म्हणणं नाही, तिला नुसतं पुस्तक उघडून दिलं तरी ती शिकेल. प्रश्न दुसऱ्याचा आहे. दहावी, मराठी माध्यम, आमच्याच गल्लीतला. इथं त्याला बंड्या म्हणते. मला दहावीला गणितात ९६ पडले होते, ते त्याच्या आईनं पाण्याला नंबर लावताना कुणाकडून तरी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन दारात हजर. गणित-विज्ञान मिळून महिना ६०० ठरले.

आमच्या सोप्यात बसतो. पलीकडं माग चालू असतात, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागतं. आणि वडलांची रातपाळी असली की ते आतल्या खोलीत झोपलेले असतात, त्यामुळं मोठ्यानं बोलता येत नाही. असा सगळा आनंद.

तर सहामाहीचा पेपर हातात आला. बीजगणितात ४० पैकी ९. मी पेपर घेऊन त्याच्याशेजारी बसले. एकसामयिक समीकरणांचं गणित होतं. दुसऱ्या समीकरणाला तीननं गुणलंय, बेरीज केलीय, एक्सची किंमत १ काढलीय. सगळं बरोबर. पुढं वायसाठी '२ वजा ३' इथपर्यंत आला आणि उत्तर लिहिलंय १. मला वाटलं वजाचं चिन्ह विसरला. विचारलं तर म्हणतो, "ताई, दोनातून तीन जात नाहीत ना. मग तीनातून दोन घालवले."

मला काय बोलावं कळंना. मग सहज म्हणून अर्धा अधिक एक तृतीयांश विचारलं. लगेच उत्तर, "दोन पंचमांश." अगदी खात्रीनं.

म्हणजे जूनपासून मी वर्गसमीकरणं शिकवतेय, तो वहीत उतरवून घेतोय, मी "समजलं का" म्हणतेय, तो "हो ताई" म्हणतोय. मी काय शिकवलं आणि तो काय शिकला, देव जाणे.

आता फेब्रुवारीत बोर्ड. मी मागं जाऊन सहावीपासून सुरू करू का? मग दहावीचा पोर्शन कधी करू? त्याच्या आईला सांगावं तर ती म्हणणार, पाच महिने काय केलंस. दोन महिन्यांचे पैसेही राहिलेत, पण ९ मार्कांवर कुठल्या तोंडानं मागू? माझीही बारावी आणि सीईटी आहेच. शिवाय आमचे एक काका म्हणतात की सरकारचा नियम आलाय, पदवी नसताना क्लास घेणं गुन्हा आहे. हे खरं का?

शिकवणी सोडून द्यावी असंही वाटतं. पण तो तसा गुणी आहे हो, एक दिवस खाडा नाही केला.

---

खडूवाली

पोरी, मी ३१ वर्षं गणित शिकवलं, बरीचशी चिपळूणच्या आसपास. आधी एक सांगते. 'दोनातून तीन जात नाहीत' हे त्या मुलाच्या डोक्यातून आलेलं नाही. ते आम्ही घातलंय. दुसरीत वजाबाकी शिकवताना आम्ही सगळ्या बाया हेच घोकून घेतो: वर दोन, खाली तीन, जात नाहीत, शेजारून दशक घ्या. पुढं सहावीत पूर्णांक संख्या येतात. तेव्हा कुणीतरी वर्गात उभं राहून म्हणायला हवं की बाळांनो, ते वाक्य आम्ही आता मागं घेतो. तेवढं राहून जातं. हुशार मुलं आपापलं समजून घेतात, बंड्यासारखी आज्ञाधारक मुलं दुसरीतल्या बाईंचं दहावीपर्यंत ऐकतात.

म्हणून मागं जा. पण सगळी सहावी नको. त्याला दोनच भोकं आहेत असं धर, ऋण संख्या आणि अपूर्णांक. रोज तासाची पहिली पंधरा मिनिटं तेवढंच. बालभारतीच्या संकेतस्थळावर सहावीचं पुस्तक फुकट मिळतं, ते उतरवून घे. फक्त त्याच्यापुढं मुखपृष्ठ उघडं ठेवू नकोस, मुलं फार लाजतात.

फरशीवर खडूनं संख्यारेषा काढ. मध्ये शून्य, उजवीकडं पाच, डावीकडं पाच. त्याला दोनवर उभं कर आणि तीन पावलं मागं यायला सांग. वहीत नको, पायांनी. कुठं उभा आहेस ते त्यालाच सांगू दे.

अपूर्णांकांना आकडेमोड शिकवायच्या आधी एवढंच विचार: अर्धी भाकरी ताटात आहे, वर आणखी तुकडा वाढला, तर भाकरी अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी? दोन पंचमांश म्हणजे तर अर्ध्यालाही कमी. त्याला स्वतःच्या उत्तराचं हसू आलं पाहिजे. तू हसायचं नाहीस.

आणि 'समजलं का' हा प्रश्न आजपासून बंद. 'आता हे मला सांग' म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला वीस वर्षं लागली.

---

संध्याकाळचा_क्लास

बाईंचं बरोबर आहे, पण मी नाशिकरोडला क्लास चालवतो, त्यामुळं माझी नजर कॅलेंडरवर. रोखठोक सांगतो.

गणिताचे लेखी ८० (बीजगणित ४०, भूमिती ४०) आणि शाळेकडचे अंतर्गत २०. पास व्हायला मिळून ३५. अंतर्गतचे पंधरा-सोळा मिळतील असं धरलं तर लेखीत ८० पैकी वीसेक आणायचेत. हे होण्यासारखं आहे. वर्गसमीकरणं आता बाजूला ठेव. संभाव्यता, सांख्यिकी, अंकगणिती श्रेढी हे तीन घे. भूमितीत रचना घे, कंपास हातात धरता आला की तिथं मार्क मिळतात. पायथागोरससारखी दोन-चार प्रमेयं सिद्धतेसकट पाठ. आणि पेपरात कृती येतात, चौकटी भरायच्या. त्यात अर्धं गणित छापूनच दिलेलं असतं. जुन्या पेपरांतल्या कृती रोज दोन सोडवून घे.

यंदा एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, जग बुडत नाही. पण हे त्याला आत्ता सांगू नकोस.

काकांचं म्हणशील तर केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शिकवणारा किमान पदवीधर हवा आणि १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, असं आहे खरं. पण त्यात कोचिंग सेंटर म्हणजे ५० हून जास्त विद्यार्थी असलेलं. तुझ्या सोप्यात ५० पोरं मावली तर मला कळव, मी भागीदारीत येतो.

---

खडूवाली

@संध्याकाळचा_क्लास, श्रेढी घ्या म्हणता, पण ५०, ४५, ४० अशी उतरती श्रेढी आली की सामाईक फरक ऋण येणार आणि बंड्या पुन्हा तिथंच अडणार. म्हणून म्हणते, आधी ती पंधरा मिनिटं.

---

संध्याकाळचा_क्लास

मान्य बाई. सवय हो, आमच्याकडं पालक पहिल्या दिवशीच विचारतात, किती टक्के पडतील.

---

शेवटचा_बाक

मी पण दहावीला आहे, त्यामुळं बंड्याच्या बाजूनं लिहितो.

माझ्या शिकवणीचे दादा इंजिनिअरिंगला आहेत. चांगले आहेत पण त्यांना सगळं पटापट येतं हाच त्रास आहे. आम्ही "हो समजलं" का म्हणतो माहितीये का? कारण नाही म्हटलं की ते परत तेच सांगतात, त्याच शब्दांत, फक्त जरा मोठ्या आवाजात. मग दुसऱ्यांदा नाही म्हणायची हिंमत होत नाही. आणि "हे तर सोपंय" म्हणू नका. सोपं असेल आणि तरी आलं नाही तर मग आम्ही कोण?

अजून एक. ती आठवीची मुलगी त्याच्याच बाजूला बसते का? तिच्यासमोर त्याला सहावीचं विचारणार? मी असतो तर दुसऱ्या दिवसापासून पोट दुखतंय सांगून आलोच नसतो.

---

तिघींची_आई

शेवटचा बाक, तुझ्या आईनं तुला इथं बघितलं तर अभ्यास सोडून काय करतोस विचारेल. पण बोललास लाखमोलाचं.

कांडीवाली, पैशाचं मी सांगते. ६०० रुपये हे मार्कांचे नाहीत, तुझ्या वेळेचे आहेत. तू स्वतः मागू नकोस, १७ वर्षांच्या मुलीला मोठी माणसं सहज टोलवतात. तुझ्या आईनं त्याच्या आईकडं मागावे, सरळ, "वहिनी, दोन महिन्यांचं राहिलंय" एवढंच. आणि पुढच्या महिन्यापासून पाच तारखेच्या आत.

त्याच्या आईला भाषण देऊ नकोस. तो पेपर आणि वही समोर ठेव, जिथं चुकलंय तिथं बोट ठेव. आई कितीही शिकलेली असो-नसो, वजाबाकी तिला कळते.

आणि हे मी माझ्या मुलींनाही सांगते: सोप्यात शिकवतेस ना, दार उघडं ठेवतेस ना, तसंच ठेव. कुणी म्हणालं आमच्या घरी येऊन शिकव, तर घरात कोण कोण असतं ते आधी बघ. मुलगा गुणी आहे, विषय त्याचा नाही. नियम सगळ्यांना एकच असला की कुणाला वाईट वाटत नाही.

---

कांडीवाली

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. मध्ये माझीही चाचणी होती. फिजिक्समध्ये काय झालं ते विचारू नका.

आधी आठवीच्या मुलीची वेळ बदलली, ती आता साडेपाचला येते, बंड्या साडेसहाला. शेवटचा बाक, तुझे आभार. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती नसली की हा पोरगा चक्क बोलतो!

संख्यारेषेची गंमत सांगते. सोप्यात खडूनं काढली तर आजीनं आरडाओरडा केला, आताच फरशी पुसलीय म्हणून. मग गच्चीवर गेलो. बंड्या माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, त्यामुळं पहिल्यांदा नुसताच उभा राहिला, इकडं-तिकडं बघत, कुणी बघतंय का. मी पाठ फिरवली आणि म्हटलं, मी बघत नाही, तू चाल आणि कुठं आलास ते सांग. दोनवरून तीन पावलं मागं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "ताई, शून्याच्या पलीकडं एक." मी म्हटलं, त्या घराचं नाव काय? "वजा एक." परत दोनवर गेला, न सांगता पाच पावलं मागं आला, "वजा तीन." मग स्वतःच दोन-चार वेळा पुढं-मागं केलं. मग थांबून एकदम चिडला. म्हणाला, "मग जात नाहीत असं का सांगायचे सगळे?"

बाई, तुमचा निरोप दिला. म्हटलं, चिपळूणच्या एक बाई म्हणाल्या, ते वाक्य मागं घेतलंय. तर म्हणतो, "आता?"

त्याच्या आईला पेपर दाखवला. मी घाबरले होते, पण ती माझ्यावर नाही, त्याच्यावरच ओरडली, आणि मला ते जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, मावशी, त्याची चूक नाही, माझ्याही लक्षात पाच महिने आलं नाही. त्यावर ती काही बोलली नाही. पैशांचं आईनं विचारलं, एका महिन्याचे आले. दुसरे पुढच्या आठवड्यात देते म्हणाली. मागाचं काम सध्या मंदीत आहे, आमच्याही घरी तेच, त्यामुळं मी काही बोलले नाही.

शाळेत श्रेढीवर २० मार्कांची चाचणी झाली, ११ पडले. उतरत्या श्रेढीचं गणित बरोबर आलं. एका ठिकाणी फरक वजा पाच लिहून बाजूला पेन्सिलीनं बारीक संख्यारेषा काढलीय, बाणासकट. सरांनी त्यावर लाल रेघ मारलीय, कच्चं काम उत्तरपत्रिकेत नको म्हणून.

अपूर्णांक मात्र अजून अडलेत. भाकरीचा प्रश्न विचारला, "जास्त झाली" म्हणाला, बरोबर. मग वहीत परत दोन पंचमांश लिहिलं. म्हटलं, आता तूच जास्त म्हणालास ना? तर म्हणतो, "ती भाकरी, हे गणित." याला काय करू?

---

खडूवाली

अगं, 'ती भाकरी, हे गणित' म्हणाला ना? म्हणजे दोन्ही उत्तरं जुळत नाहीत हे त्याला दिसलं. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घे. एक अर्ध्यात दुमडायची, दुसरी तीन घड्यांत. मग विचार, दोन्हीवर एकाच मापाच्या घड्या पाडायच्या तर किती पाडशील. सहा आकडा तू उच्चारू नकोस. त्याचा त्याला सापडू दे, दोन दिवस लागले तरी चालतील.

त्या लाल रेघेचं मनावर घेऊ नका म्हणावं. मीही मारल्यात.

---

कांडीवाली

पट्ट्या आजच कापून ठेवते. उद्या पाणी येणार आहे, त्यामुळं तास नाही. परवा बघते.